अलिबाग ते लोद: सरळ रेषा आणि वळशाची वाट

तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ तेल अवीव शहरात नाही. तो आहे लोद गावाच्या शिवेवर, आणि १९७३ पर्यंत त्याचं नावही लोद विमानतळ असंच होतं. या लोदमध्ये, शेजारच्या रामलेमध्ये, अश्दोद, दिमोना आणि बेरशेबा इथे नवगावकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, चेऊलकर अशी आडनावं आजही ऐकू येतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या शंभराहून अधिक गावांची नावं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांनी आडनावात जपून परदेशी नेली आहेत. अलिबागमध्ये इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे, नवगावला जुनं दफनस्थान आहे. या मंडळींचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तरीही मायबोली मराठीच राहिली, सणाला मलिदा राहिला आणि गावाकडची ओढही राहिली.

म्हणजे या दोन टोकांमध्ये माणसांची ये-जा आहे, खरी आणि सातत्याची. आता तर रायगड जिल्ह्याच्या हद्दीतच, पनवेल तालुक्यातल्या उलव्याला, नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला अलिबाग ते लोद या वाटेइतकी बोलकी वाट मला दुसरी दिसत नाही. कारण मुंबई ते तेल अवीव हे अंतर संगणक ४,०५० किलोमीटर सांगतो, त्यावरून वेळ निघतो पाच तासांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात कित्येक वर्षं या प्रवासाला सात-आठ तास लागत होते.

आधी हे ४,०५० किलोमीटर येतात कुठून ते पाहू. शाळेत असतो तसा तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर आहे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर हा सुमारे ४२५ किलोमीटरांचा. आता शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं तेल अवीववर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत जवळची वाट पकडतो. पट्टीवर मोजला तर साडेनऊ सेंटिमीटर भरतो. साडेनऊ गुणिले ४२५, उत्तर ४,०४० च्या जवळ. विमानतळांमधलं अंतर सांगणारी सगळी कोष्टकं अक्षांश-रेखांश घालून त्रिकोणमितीने हेच करतात. या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या बरोबर मध्यातून तिला कापलं तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल, त्याचा हा तुकडा.

दोरा कुठून जातो तेही नीट पाहण्यासारखं आहे. मुंबई सोडली की तो वायव्येकडे अरबी समुद्रावर निघतो, ओमानचं आखात ओलांडतो, इराणच्या दक्षिण किनाऱ्याला घासून पर्शियन आखातावर येतो, कुवेतवरून जातो, मग इराक आणि सौदी अरेबियाच्या सरहद्दीचा भाग आणि शेवटी जॉर्डन. वाटेचा मध्यबिंदू इराणच्या किनाऱ्यावर, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या थोडा पश्चिमेला पडतो. ही यादी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिच्यात दडलेली आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेष ओढली तर ती दोऱ्याच्या वाटेवर बसत नाही. मुंबई-तेल अवीवच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे, वीसेक किलोमीटरांचा. पण मुंबई ते न्यूयॉर्क करून पाहा. दोऱ्याने अंतर १२,५०० किलोमीटर. होकायंत्राची एकच दिशा धरून सपाट नकाशावरच्या सरळ रेषेने गेलं तर १४,२००. जवळजवळ १,७०० किलोमीटरांची तफावत. म्हणून अमेरिकेला जाणारं विमान पश्चिमेला न वळता आधी उत्तरेला का चढतं, असा प्रश्न विमानातल्या पडद्यावर पाहणाऱ्याला पडतो. न्यूयॉर्कचा दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून जातो आणि फॅरो बेटं व आइसलंड यांच्यामधल्या समुद्रावर ६५ उत्तर अक्षांशाला टेकून मग खाली उतरतो.

बृहद्वृत्तावरून उडताना दिशा सतत बदलत राहते. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं तर सुमारे २९८ अंशांवर असतं, आणि लोदला पोचताना २८१ वर. वळण इतकं हळूहळू होतं की प्रवाशाला जाणवत नाही. आणि हे अंश कोणत्या उत्तरेपासून मोजायचे, हाही प्रश्न असतो. होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर, आणि ती भौगोलिक उत्तरेशी जुळेलच असं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर या दोन उत्तरांमधला फरक एका अंशाहूनही कमी आहे, तर इस्रायलमध्ये तो पाच अंशांच्या घरात जातो. धावपट्ट्यांना दिलेले आकडेदेखील चुंबकीय दिशेवरूनच ठरतात: मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ म्हणजे एका बाजूने साधारण ९० अंश, दुसऱ्या बाजूने २७०.

पृथ्वीच्या या चुंबकत्वाची दीर्घकाळ नोंद ठेवणारी जगातली एक महत्त्वाची जागा अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांचे काटे हलले असते. म्हणून संचालक नानाभाय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, हे काम अलिबागला आणलं गेलं आणि तिथे लोखंड न वापरता खास इमारत बांधली. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते. अलिबागला जाल तेव्हा निदान तिच्या कुंपणाजवळ थांबून यावं, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

आता खऱ्या वाटेकडे येऊ. अलिबागकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर करंजा दिसतं, तरीने पलीकडे जायला थोडाच वेळ लागतो. पण गाडी घेऊन जायचं तर मध्ये धरमतरची खाडी आडवी येते, आणि पोयनाड, वडखळ, पेण असा भला मोठा वळसा पडतो. विमानाच्या वाटेवर अशाच खाड्या असतात, फक्त त्या पाण्याच्या नसून हवाई हद्दीच्या असतात. १९४४ च्या शिकागो करारातलं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सत्ता असते. त्या देशाने परवानगी दिली तर विमान जाणार, आणि जाताना हवाई मार्गाचं शुल्कही भरणार. नाही म्हटलं तर वळसा.

मुंबई-तेल अवीवच्या दोऱ्यावरचे देश आठवा: इराण, कुवेत, इराक, सौदी अरेबिया, जॉर्डन. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले. पुढे इस्रायलच्या एल अल कंपनीची विमानं मुंबईला येऊ लागली, पण या दोऱ्यावरून त्यांना जाता येत नव्हतं. सौदी अरेबियाचं आकाश बंद, ओमानचं बंद, इराणचा तर प्रश्नच नव्हता. मग विमान तेल अवीवहून दक्षिणेला, इस्रायलच्या टोकाच्या एलातपर्यंत जायचं. तिथून तांबड्या समुद्राच्या लांबीभर खाली इथिओपियाच्या दिशेने, आणि मग पूर्वेला वळून अरबी समुद्र ओलांडून मुंबई.

हा वळसा आपल्याला गोलावर मोजता येतो. तेल अवीव ते एलात पावणेतीनशे किलोमीटर. एलात ते तांबड्या समुद्राचं तोंड, म्हणजे बाब अल-मंदेब, २,१०० च्या आसपास. तिथून मुंबई सव्वातीन हजार. बेरीज ५,६०० किलोमीटर. दोरा साडेनऊऐवजी सव्वातेरा सेंटिमीटर लागतो. दीड हजार किलोमीटर जास्त, म्हणजे सुमारे दोन तास जास्त. बोइंग ७८७ सारखं विमान तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. तेव्हा वळशाचा हिशोब एका फेरीत दहा टनांवर जातो आणि तो शेवटी तिकिटातच वसूल होतो. अश्दोदहून अलिबागला लग्नाला येणाऱ्या कुटुंबाने हा वळसा वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भरला.

२२ मार्च २०१८ ला ही कोंडी प्रथम फुटली. एअर इंडियाचं एआय १३९ हे विमान दिल्लीहून निघालं, आधी अहमदाबादच्या बाजूने समुद्राकडे उतरलं आणि ओमान व सौदी अरेबियावरून बेन गुरियनला पोचलं. इस्रायलला जाणाऱ्या प्रवासी विमानाला सौदीने आपल्या आकाशातून वाट देण्याची सात दशकांतली ती पहिली वेळ. दिल्ली ते तेल अवीव अंतरही, योगायोग असा की, मुंबईइतकंच आहे, ४,०४५ किलोमीटर. पण दिल्लीच्या दोऱ्यावर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराण येतात, म्हणून तिला सौदीची वाट मिळूनही साडेसात तासांच्या आसपास लागले. अंतर सारखं असलं तरी वेळ सारखा नसतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

एल अलला मात्र ती वाट मिळाली नव्हती. प्रतिस्पर्धी कंपनी सरळ वाटेने जाते आणि आपण वळशाने, हे अन्यायाचं आहे म्हणून तिने इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिची तक्रार मला रास्त वाटते, पण न्यायालय परक्या देशाचं आकाश उघडू शकत नाही. ते उघडलं राजकारणाने. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरात आणि इस्रायल यांच्यात करार झाला, जुलै २०२२ मध्ये सौदीने आपलं आकाश सर्व विमान कंपन्यांना खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी पूर्वेकडे जायला पुढे ओमानची हद्द लागतेच. ती उघडली २३ फेब्रुवारी २०२३ ला. एवढं झाल्यावर मुंबई-तेल अवीवचा वेळ पाच-साडेपाच तासांवर आणणं शक्य झालं. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धामुळे इस्रायलच्या विमानसेवा पुन्हा पुन्हा थांबल्या आणि सुरू झाल्या. या मार्गावर थेट विमान आहे की नाही, हे आजही तारीख पाहूनच ठरवावं लागतं.

आकाश मोकळं असलं तरी वेळ दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही, कारण वारा. प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं, पण हा वेग असतो भोवतीच्या हवेच्या तुलनेत. ती हवाच पश्चिमेकडून पूर्वेला धावत असेल तर जमिनीवरचा हिशोब बदलतो. हिवाळ्यात २५ ते ३० अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे नेमका आपला दोरा जातो त्या भागावर, पश्चिमेकडून येणारा जोरदार जेट प्रवाह असतो. समजा वाटभर सरासरी शंभर किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ४,०५० किलोमीटरांना पाच तास लागतात. तोच पाठीवर असेल तर चार तासांहून थोडा जास्त. म्हणून हिवाळ्यात लोदहून मुंबईला येणं लवकर होतं आणि जाणं रेंगाळतं. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दोन वेळांमधला फरक बराच कमी होतो. त्यात भर पडते ती धावपट्टीपर्यंतच्या रांगेची, चढण्या-उतरण्याच्या संथ वेगाची आणि उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यांची. वेळापत्रकात छापलेला वेळ हा विमानाने जागा सोडल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर लागेपर्यंतचा असतो. अंतराला वेगाने भागून येणाऱ्या उत्तरात अर्धा-पाऊण तास मिळवावा तो यासाठी.

तिकिटावरची घड्याळंही वाचायला शिकावी लागतात. इस्रायलचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास मागे. हिवाळ्यात मुंबईहून सकाळी सहाला निघालेलं, साडेपाच तास उडणारं विमान तिथे सकाळी आठला उतरतं. दोन तासांत पोचलो असं वाटतं. परतीला रात्री आठला निघालेलं, पाच तासांचं विमान आपल्याकडे पहाटे साडेचारला येतं, आणि कागदावर तो प्रवास साडेआठ तासांचा दिसतो. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ नेहमी स्थानिक असते. वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही एकाच देशाच्या घड्याळात आणावी.

आणखी एक बंधन आकाशाचं नाही, पंचांगाचं आहे. एल अलची विमानं सब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, उडत नाहीत. रायगडच्या माणसाला हे ओळखीचं वाटावं. या किनाऱ्यावर बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. शतकं लोटली, देश बदलला, घाण्याच्या जागी जेट इंजिन आलं, पण शनिवारची सुट्टी टिकून आहे. प्रवासाचे दिवस ठरवताना ती धरावीच लागते.

थेट विमान नसेल तेव्हा कुठे बदलायचं, हाही अंतराचाच प्रश्न आहे, आणि इथे दोरा फार उपयोगी पडतो. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, दुबई-तेल अवीव २,१३०. बेरीज ४,०६०. म्हणजे दुबई जवळजवळ दोऱ्यावरच बसते. थांबण्याचे तास सोडले तर वळसा जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरांचा. उलट अदिस अबाबावरून गेलं तर ३,८३५ आणि २,५९० मिळून ६,४२५ किलोमीटर होतात. स्वस्त तिकिटाच्या मोहात अशी वाट धरण्यापूर्वी गोल फिरवून पाहावा.

शेवटचा टप्पा जमिनीवरचा, आणि प्रवासाच्या एकूण वेळात तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. अलिबागपासून सांताक्रूझचा विमानतळ हवेतून मोजला तर पन्नास किलोमीटर, उलव्याचा पंचेचाळीसच्या आत. फरक फारसा नाही. पण सांताक्रूझला जायचं तर एक तर मांडव्याहून लाँचने गेटवेला आणि तिथून मुंबईची गर्दी कापत उत्तरेला, नाहीतर वडखळ-पेण-पनवेल करत पूर्ण महानगर पार करून. उलव्याला जाताना पनवेलनंतर मुंबई लागतच नाही. पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धनकडच्या माणसासाठी हा फरक हवेतल्या वाऱ्यापेक्षा मोठा आहे. रेवस आणि करंजा जोडणारा पूल पूर्ण झाला की खाडीचा वळसाही जाईल आणि अलिबागहून उलवे आणखी जवळ येईल.

तेव्हा तुमच्या घरचं कोणी परदेशात असेल, तर संगणकावरचा आकडा पाहण्याआधी एकदा पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन बसा, मुलांनाही सोबत घ्या. दोऱ्याखाली येणाऱ्या देशांची नावं कागदावर लिहा आणि त्यांतल्या कोणाचं आकाश आज कोणाला बंद आहे ते वर्तमानपत्रातून शोधा. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी वाटा एका रात्रीत लांबल्या. संगणक सांगतो ते अंतर हे कमीत कमी अंतर आहे. त्याहून कमी कधीच होणार नाही, जास्त मात्र केव्हाही होऊ शकतं.